पाहिलेलें संगीत

कांहीं शब्द लहानपणीं ज्या वेषांत आपल्या मनांत शिरतात, तो वेष ते पुढें जन्मभर उतरवीत नाहींत. ‘बँड’ हा आमच्यापुरता असाच एक शब्द आहे. तो कानीं पडला कीं विंचूरच्या पेठेंतून निघालेली वरात, तांबड्या कोटावर पिंवळ्या फिती लावलेले वाजंत्री, गाल फुगवून पितळी कर्ण्यांत प्राण ओतणारा एखादा घामाघूम गृहस्थ आणि डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन दुतर्फा चालणारीं माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात. म्हणून २०१९ च्या जानेवारीअखेर आमचे स्नेही भाऊसाहेब यांचे चिरंजीव ओट्यावर येऊन “गुरुजी, शनिवारी बँड बघायला चला,” असें म्हणाले, तेव्हां आमच्या तोंडून सहजच प्रश्न निघाला, “लग्न कुणाचं?”

लग्न कोणाचेंच नव्हतें. नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर धरणाच्या बाजूला, सुला वाइनरीच्या द्राक्षमळ्यांत २००८ सालीं एक संगीतमहोत्सव सुरू झाला. ‘सुलाफेस्ट’ हें त्याचें नांव. त्या वर्षीं तो फेब्रुवारीच्या आरंभीं भरावयाचा होता, आणि पुण्यास संगणकाचें काम करणाऱ्या ह्या तरुणानें आपल्या वडिलांसाठीं, आमच्यासाठीं व नानांसाठीं तिकिटें अगोदरच काढून ठेविलीं होतीं. विंचूरकरांना वाइन अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. २००१ सालीं सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण ठरविलें. त्या उद्योगासाठीं औद्योगिक विकास महामंडळानें जें वाइन पार्क वसविलें, तें आमच्याच गांवाजवळ. भाऊसाहेबांच्या बागेंतला एक तुकडा वाइनच्या द्राक्षांचा आहे. मात्र त्या द्राक्षांचें पुढें काय होतें याची चव त्यांनीं आजवर घेतलेली नाहीं, कारण त्यांच्या गळ्यांत माळ आहे. तेव्हां आम्हांस नवल वाटलें तें वाइनचें नव्हे, तर नानांच्या तिकिटाचें. नाना ठार नसले तरी बव्हंशीं बहिरे आहेत. बहिऱ्या माणसास गाणें ऐकावयास नेणें ही थट्टा तर नव्हे ना, असें आम्हीं हळूच सुचविलें. चिरंजीव म्हणाले, “म्हणून तर ‘बघायला’ म्हटलं, गुरुजी.”

नानांचें बहिरेपण जन्माचें नाहीं. आम्ही दोघे एका बाकावर शिकलों. त्यांचा आवाज गोड होता आणि कान तिखट. १९७२ च्या दुष्काळांत विहिरींनीं तळ दाखविला, त्या वर्षीं ते मुंबईस लालबागेंत चुलत्याकडे गेले आणि एका कापडगिरणीच्या साचेखात्यांत लागले. साचेखातें म्हणजे विणाईचें दालन. एका छपराखालीं शेंकडों माग, आणि प्रत्येक मागाचा धोटा मिनिटाला दीडशेंहून अधिक वेळां ह्या टोकाकडून त्या टोकाकडे आपटणारा. तेथें ओरडून बोलण्यांत अर्थ नसे. माणसें एकमेकांचे ओंठ वाचीत, बोटांनीं बोलत. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा कारखान्यांच्या नियमांत घातली गेली खरी, पण साचेखात्याचा गोंगाट तिला न जुमानणारा. नाना सांगतात, “पहिला महिना कान दुखले. तिसऱ्या महिन्यात दुखायचे थांबले. मला वाटलं, बरे झाले.” ते बरे झाले नव्हते, ते जावयास लागले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष माणसें घरीं बसलीं. त्या संपाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. तो रीतसर मागें असा कधीं घेतलाच गेला नाहीं, आणि बहुतेक गिरण्यांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत. परंतु त्या इतिहासांत न येणारी एक गोष्ट नानांनीं आम्हांस सांगितलेली आहे. संपाच्या पहिल्या रात्रीं चाळ निजली, भोंगा वाजला नाहीं, आणि त्यांना प्रथमच कळलें कीं आपल्या कानांत एक शिट्टी अखंड वाजत आहे. साचे चालू असतांना ती त्या गोंगाटांत बुडालेली होती. साचे थांबले आणि ती वर आली. पुढल्या वर्षीं नाना विंचूरास परतले, वडिलांच्या दोन एकरांत राबूं लागले. गिरणी सुटली, शिट्टी सुटली नाहीं. “माझा भोंगा अजून वाजतोच आहे,” असें ते हंसून म्हणतात, आणि ऐकणारे हंसतात. आम्हीही पुष्कळ वर्षें हंसत आलों.

शनिवारीं सकाळीं चौघे मोटारींतून निघालों. निफाडची थंडी ती. ऊन वर आलें तरी अंगावरची शाल उतरत नव्हती. नैताळ्यापाशीं लाल कांदा भरलेले ट्रॅक्टर समोरून विंचूर-लासलगांवच्या बाजारांकडे चालले होते. दोन्हीं बाजूंच्या बागांत घड भरले होते. पहांटेच्या गारठ्यापासून ते वांचावेत म्हणून पेटविलेल्या शेकोट्यांची राख ठिकठिकाणीं दिसत होती. भाऊसाहेब खिडकींतून दुसऱ्यांच्या बागा पाहत होते आणि मनांतल्या मनांत भाव लावीत होते. पन्नासएक किलोमीटरांचा रस्ता. चिरंजीवांनीं तेवढ्यांत आमची पूर्वतयारी करून घेण्याचें ठरविलें होतें.

महोत्सवांत नाना तऱ्हेचे बँड वाजणार होते, पण ज्याच्यासाठीं हा खटाटोप तें वादन संध्याकाळीं होतें. त्याचे पूर्वज कारखान्यांत जन्मले, असें चिरंजीव म्हणाले. त्यांनीं सांगितलेली वंशावळ थोडक्यांत अशी. इटलींत लुइजी रुसोलो ह्या चित्रकारानें १९१३ सालीं असें मत मांडलें कीं, संगीतानें ठराविक सुरांच्या कुंपणांतून बाहेर पडून शहराच्या व यंत्रांच्या गोंगाटालाही आपल्यांत घ्यावें. आणि तसे आवाज काढणारीं खोकींही त्यानें बनविलीं. १९२२ च्या नोव्हेंबरांत अर्सेनी आव्रामोव्ह ह्या रशियन संगीतकारानें बाकू शहरांत कारखान्यांचे भोंगे, जहाजांचे कर्णे आणि तोफा यांची मिळून एक रचना वाजविली. म्हणजे अख्खें शहरच त्यानें वाद्य म्हणून हातीं धरलें. पुढें १९७६ सालीं लंडनमध्यें ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ ह्या मंडळीनें आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या संस्थेस ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स’ असें नांव दिलें, आणि ह्या संगीतप्रकाराला ‘इंडस्ट्रियल’ हें नांव चिकटलें. १९८० सालीं पश्चिम बर्लिनमध्यें एक मंडळी निघाली. तिच्या जर्मन नांवाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’ असा होतो, आणि तिचीं वाद्यें म्हणजे पत्रे, भंगार व भिंतीला भोंक पाडणारें यंत्र. आज जें ऐकावयाचें तें अस्सल इंडस्ट्रियल नव्हे, त्याचा एक सौम्य नातू आहे, असेंही चिरंजीवांनीं प्रामाणिकपणें सांगितलें.

नाना पुढल्या आसनावर उलटे वळून त्यांचे ओंठ वाचीत होते. ‘टेस्ट डिपार्टमेंट’ नांवाच्या लंडनच्या मंडळीनें १९८४-८५ मध्यें ब्रिटनचे खाणकामगार संपावर असतां साउथ वेल्सच्या संपकऱ्यांच्या गायकवृंदाबरोबर ध्वनिमुद्रिका काढली, हें ऐकतांच ते एकदम म्हणाले, “मग? खाणी चालू झाल्या?”

“नाही, नाना. संप फसला. पुढं बहुतेक बंदच झाल्या.”

“म्हणजे गाणं तेवढं राहिलं,” असें म्हणून नाना समोर वळले आणि नाशिक येईपर्यंत कांहीं बोलले नाहींत.

महोत्सवाची जागा खरोखर रम्य होती. उतरत्या टेकडीवर हिरवळीच्या पायऱ्या, तळाशीं मुख्य रंगमंच, आणि भोंवतीं द्राक्षवेलींच्या ओळी. हजारों तरुण माणसें. कोणाच्या हातांत पेला, कोणाच्या खांद्यावर मूल. एके ठिकाणीं लांकडी पिंपांत द्राक्षें ओतून तीं पायांनीं तुडविण्याचा खेळ चालला होता. मुलीबाळी खिदळत त्यांत उतरत होत्या. भाऊसाहेब तेथें क्षणभर थबकले. घडाला डाग पडूं नये म्हणून जो गृहस्थ वर्षाच्या दोन छाटण्यांपासून काढणीपर्यंत जीव मुठींत धरतो, त्याला द्राक्षांवर पाय पडलेला पाहवेल कसा? ते पुटपुटले, “लक्ष्मीच ना ती!” आणि लगेच, हिशेबी स्वभावाप्रमाणें, “माल मात्र फेकायचाच दिसतोय,” असें समाधानही त्यांनीं करून घेतलें.

दुपारचे बँड आम्हीं पायऱ्यांवर बसून पाहिले. ‘पाहिले’ हाच शब्द येथें खरा. आम्ही दोघांनीं कानांनीं जें ऐकलें तें थोडें समजलें, थोडें डोक्यावरून गेलें. परंतु नानांनीं डोळ्यांनीं जें ऐकलें तें आम्हांस नवें होतें. ते वाजविणाऱ्यांचे हात पाहत होते. चार लोक एका कामावर उभे आहेत आणि आपण जॉबर आहोंत, अशा नजरेनें. “तो ढोलवाला सगळ्यांना ओढतोय. डावीकडचा पोरगा त्याच्याकडं बघून चालतो, स्वतःचं काही नाही. ती पेटीवाली बाई पक्की आहे. तिचा हात एकदाही वाया गेला नाही.” आम्हीं मागाहून चिरंजीवांस विचारलें, त्यांनींही तोच निवाडा दिला. एका कामांत दहा वर्षें मुरलेल्या माणसाला दुसऱ्याचें काम कोणत्याही खिडकींतून दिसतें, हें त्या दुपारीं आम्ही शिकलों.

ऊन कलल्यावर आम्ही विद्युद्वाद्यांच्या रंगमंचाकडे गेलों. आणि गंमत अशी, कीं जेथें नेण्यासाठीं चिरंजीवांनीं ‘बघायला चला’ म्हटलें होतें, तेथें पाहण्यासारखें कांहींच नव्हतें! एका मेजामागें दोन तरुण माना खालीं घालून उभे. मेजावर तारांचीं जाळीं आणि लुकलुकणारीं खोकीं. तंतु नाहीं, कातडें नाहीं, कर्णा नाहीं. दोन्हीं अंगांस मात्र काळ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती. त्यांतून जो आवाज सुटला तो कानांवर न पडतां थेट छातीवर आदळला. लोखंडावर लोखंड पडावें तसा ठोका, त्याच्याखालीं एक अखंड घरघर, आणि मधूनमधून वाफ सुटल्यासारखा फूत्कार. भाऊसाहेब कानांत बोटें घालून दहा पावलें मागें सरले. आम्हीही सरलों. हें संगीत नव्हे, असा आमचा निकाल त्याच क्षणीं लागला होता. चिरंजीवांनीं खिशांतून मऊ स्पंजाचीं बोंडें काढून आम्हां सर्वांस कानांत घालावयास दिलीं.

नानांनीं तीं घेतलीं नाहींत. ते सरळ पुढें गेले. रंगमंचासमोर लोखंडी कठडा होता, त्याच्या गजावर त्यांनीं दोन्हीं तळवे टेंकले आणि डोळे मिटले. भोंवतीं विशीपंचविशींतलीं पोरें उड्या मारीत होतीं. त्यांच्यामध्यें धोतर-टोपींतला हा सासष्ट वर्षांचा माणूस खांबासारखा उभा. एका मुलीनें त्यांना नमस्कार केला. त्यांना तें कळलेंही नसावें. पांच मिनिटें झालीं, वीस झालीं. शेवटीं आमच्यानें राहवेना. आम्ही गर्दींतून वाट काढीत त्यांच्यापाशीं गेलों आणि खांद्याला हात लावला. त्यांनीं डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतें, परंतु चेहरा दुःखी नव्हता. कानाकडे बोट दाखवून त्यांनीं ओंठ हलविले, सावकाश, साचेखात्यांत बोलावें तसे: “गप्प झालं.”

प्रथम आम्हांस उमजलें नाहीं. मग लख्ख उमजलें. त्या प्रचंड गोंगाटानें नानांच्या कानांतली शिट्टी बुडविली होती. एकोणीसशें ब्याऐंशीच्या त्या रात्रीनंतर सदतीस वर्षांनीं त्यांच्या डोक्यांत शांतता झाली होती. आणि ती झाली होती त्या जागीं, जेथून आम्ही सुज्ञ माणसें शांततेसाठीं पळालों होतों.

पुढचा क्षण आमच्या मनांतून जात नाहीं. असल्या आवाजानें कानांचें उरलेंसुरलें तेंही जातें, एवढें ज्ञान आम्हांस होतें. मित्र म्हणून त्यांना तेथून ओढून न्यावें हें आमचें कर्तव्य होतें. आम्हीं दंडाला धरलें. त्यांनीं हात सोडविला नाहीं, फक्त म्हणाले, “मास्तर, वाचवून कुणासाठी ठेवू?” चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत गेलीं, ह्या प्रश्नास उत्तर सुचलें नाहीं. आम्ही एवढेंच केलें, कीं त्यांना कठड्यावरून मागें, आमच्या पहिल्या जागेपर्यंत आणलें आणि बोंडें त्यांच्या तळहातावर ठेविलीं. त्यांनीं एक कानांत घातलें, एक खिशांत. ही तडजोड कितपत शहाणपणाची होती हें आम्ही अजून ठरवूं शकलों नाहीं.

वादन मध्यें थांबलें तेव्हां चिरंजीवांनीं मोठ्या उत्सुकतेनें त्यांचें मत विचारलें. यंत्राच्या नादांत एक सौंदर्य आहे, आणि तें ज्यानें यंत्राशीं जन्म घालविला त्याच्या तोंडून ऐकावें, अशी त्यांची इच्छा असावी. नानांनीं थोडा विचार करून सांगितलें, “पोरांनी साचा बरा चालवला. पण कापड कुठाय?”

आम्ही सारे हंसलों, चिरंजीव सर्वांहून अधिक. परंतु नाना थट्टा करीत नव्हते. त्यांच्या हिशेबीं गोंगाट ही किंमत होती आणि कापड हा माल. किंमत मोजून माल नाहीं हा व्यवहार त्यांना अपुरा वाटत होता.

रात्रीं दहा वाजतां सारे आवाज एका झटक्यांत बंद झाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. नानांना ओंठांनीं व बोटांनीं हें समजावून द्यावें लागलें. ते आश्चर्यानें पाहतच राहिले. त्या दिवसांत जितक्या नवलाच्या वस्तु त्यांनीं पाहिल्या, त्यांत त्यांना ह्याचें नवल सर्वांत अधिक वाटलेलें दिसलें. “म्हणजे ह्याला थांबवणारा कुणीतरी आहे!” ते म्हणाले. “आमचा साचा दहाला कुणी थांबवला नाही.”

परतीच्या वाटेवर सर्वांना डुलकी लागली, आम्ही मात्र ह्या वाक्याशीं जागे होतों. सकाळीं आमचें मत असें होतें, कीं गोंगाट तो गोंगाट आणि संगीत तें संगीत. चिरंजीवांचें मत असें, कीं गोंगाटही कलावंताच्या हातीं पडला कीं संगीत होतो. दोन्हीं मतें आवाजाविषयींचीं होतीं. नानांचें वाक्य माणसाविषयीं होतें. जो आवाज आपण तिकीट काढून ऐकतों, ज्यापासून दहा पावलें मागें सरतां येतें, ज्याच्यासाठीं खिशांत बोंडें असतात आणि ज्याला दहा वाजतां थांबविणारा कायदा आहे, तो कितीही भयंकर असला तरी आपल्या सत्तेंत आहे. साचेखात्यांतला आवाज त्याहून लहान असेलही. परंतु तो सोडून जाणें म्हणजे पगार सोडून जाणें होतें. कलेनें यंत्राचा नाद उचलला हें खरें. तिला उचलतां आला नाहीं तो त्या नादाजवळ उभें राहण्याचा नाइलाज. आणि तरीही त्याच नादानें, कांहीं घटका कां होईना, नानांना जें दिलें तें आमच्या साऱ्या सहानुभूतीनें सदतीस वर्षांत दिलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें. हीं दोन सत्यें आम्हांस एकमेकांत बसवितां आलीं नाहींत. चांदोरी मागें पडली, निफाड आलें. काळोखांत बागांतून पुन्हां शेकोट्या पेटलेल्या दिसूं लागल्या.

विंचूरास दारीं उतरतांना नाना एवढेंच म्हणाले, “आला परत.” कोण तें विचारण्याची गरज नव्हती. शिट्टी त्या रात्रीं नेहमींपेक्षां मोठी होती, असें त्यांनीं दोन दिवसांनीं कबूल केलें. मग ती पूर्वपदावर आली.

ह्या प्रवासाचें एक फळ मात्र टिकलें. चिरंजीव त्यांना नाशिकास एका कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनें मोठा आवाज सक्त वर्ज्य सांगितला. परंतु निजतांना कानाशीं एखादा मंद, एकसारखा आवाज ठेविल्यास शिट्टीची बोंच पुष्कळ कमी होते, हेंही सांगितलें. इतकीं वर्षें हें आपणांस कां सुचलें नाहीं, ह्याची लाज आम्हांस अद्याप वाटते. आम्ही विनोद समजून हंसत राहिलों, एवढेंच कारण आहे. तेव्हांपासून नाना उशाशीं जुना रेडिओ ठेवतात, दोन केंद्रांच्या मध्यें कांटा लावून, नुसती घरघर येईल असा. शेजाऱ्यांना वाटतें, म्हाताऱ्याचा रेडिओ बिघडला आहे. आम्ही रात्रीं त्या बाजूनें जातों तेव्हां खिडकीपाशीं क्षणभर थांबतों. आंत घरघर चालू असते, आणि नाना झोंपलेले असतात.